सांगवेणीचं खोरं: खेळातल्या जगाचा नकाशा, त्यातली रत्नं आणि कॉपीराइटचे दोन अर्ज

२०२५ च्या दसऱ्याला आमच्या खेळाचं पुस्तक छापून आलं. सांगवेणी नावाच्या काल्पनिक नदीच्या खोऱ्यात, फासे टाकत आणि गोष्ट रचत खेळायचा हा खेळ. ९६ पानं, शेवटी घडी घातलेला रंगीत नकाशा, मधे रत्नांची मोठी यादी. त्याआधीचं वर्ष मात्र फॉर्म, करार, डायरी नंबर (अर्जाचा नोंद-क्रमांक) आणि ई-मेलची वाट बघण्यात गेलं. सोलापुरात अशा खेळाच्या नोंदणीचे कागद केलेलं कुणी मला भेटलं नाही, त्यामुळे प्रत्येक पायरीला पोटात गोळा यायचा. आता सगळं संपलंय, म्हणून क्रमानं लिहून ठेवतोय. कुणी असं जग रचत असेल तर त्याला अंधारात चाचपडावं लागू नये.

मी शाळेत भूगोल शिकवतो. जून २०२३ पासून दर रविवारी आमच्या गच्चीवर खेळ चालतो. फासे, कागद, पेन्सिली आणि भरपूर बोलणं. मी सूत्रधार, बाकीचे प्रवासी. कुणी सांडणीस्वार, कुणी वैद्य, कुणी खडे पारखणारा. खेळायला येणारे बरेचसे माझे जुने विद्यार्थी. सुरुवातीला मी एका डोंगरातल्या गुहेत हिऱ्यांची रास ठेवली होती. त्यावर अकरावीतल्या एका मुलानं विचारलं, “सर, इथं हिरा कसा काय? आपल्याकडं तर खणलं की काळाच दगड निघतो.”

त्या प्रश्नानंतर मी गुहा पुसली आणि जमिनीपासून सुरुवात केली.

सोलापूरच्या पायाखाली बेसाल्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले आणि दख्खनचं पठार तयार झालं, हे आपण शाळेत शिकतो. शिकवताना सहसा राहून जातं ते असं, की लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकतात, पोकळ्या राहतात, आणि पुढे त्यांतून झिरपणाऱ्या पाण्यातून स्फटिक वाढतात. झिओलाइट, अ‍ॅपोफिलाइट, कॅल्साइट, गारगोटीच्या जातीचे दगड. हिरा असा तयार होत नाही. तो दीडशे किलोमीटरहून खोल तयार होतो आणि किंबरलाइट नावाच्या वेगळ्या खडकातून वर येतो. म्हणजे काळ्या दगडाच्या मुलखात गुहेमध्ये हिऱ्यांची रास असूच शकत नाही. तो मुलगा बरोबर होता.

पावसाळा संपल्यावर तुळजापूर रस्त्याच्या बाजूला एका खडीच्या खाणीत मालकांची परवानगी घेऊन गेलो. ताज्या फुटलेल्या दगडात मुठीएवढी पोकळी होती. आत पांढरे, मोत्यासारखी झाक असलेले स्टिल्बाइट या झिओलाइटचे स्फटिक, ज्वारीची पेंढी मधोमध आवळून बांधावी तसे, दोन्ही टोकांना पसरलेले. नखानं हलकं खरवडलं तर पापुद्रा सुटून बोटावर आला. एवढी देखणी वस्तू इतकी नाजूक असते, हे हाताला कळलं आणि आमच्या खेळातल्या रत्नांचा पहिला नियम तिथंच ठरला: किंमत वेगळी, टिकाऊपणा वेगळा.

मग नकाशा. आमची नदी सांगवेणी. पश्चिमेला काळं पठार, मधे फरशीचा पट्टा, पूर्वेला कणदेश. ही मांडणी भीमेवरून घेतली आहे. भीमा सोलापूर सोडून कलबुर्गीकडे गेली की बेसाल्टचं आवरण संपतं आणि त्याखालचा कितीतरी जुना चुनखडक उघडा पडतो. आपल्या घरातली शहाबादी फरशी तिथलीच. त्याच्याही पुढे ग्रॅनाइट आणि नाइस हा पट्टेदार खडक. भीमा रायचूरच्या बाजूला कृष्णेला मिळते, आणि कृष्णेच्या काठी कोल्लूरला गोवळकोंड्याच्या नावानं गाजलेले हिरे वाळूगोट्यांत सापडत. ती खाण आता पुलिचिंतला धरणाच्या पाण्याखाली आहे. आपल्या उजनीचं पाणी शेवटी त्याच वाटेनं जातं, हे वर्गात सांगितलं की मुलं सरसावून बसतात.

म्हणून आमच्या जगात हिरा फक्त कणदेशातल्या नदीपात्रात, गोट्यांमध्ये मिळतो, तोही पूर ओसरल्यावरच. काळ्या पठारावर कितीही खणा, मिळणार नाही. तिथं मिळतो ‘मोरखडा’, पांढऱ्या स्फटिकांवर बसलेली गर्द निळी फुलं. हा मी पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतल्या कॅव्हन्साइटवरून घेतला. हे खनिज पहिल्यांदा अमेरिकेत ओरेगॉन राज्यात सापडलं, पण जगभरचे संग्राहक ज्या नमुन्यांसाठी जीव टाकतात ते वाघोलीचे. त्याची कठिणता मोह्‌सच्या १ ते १० मापावर जेमतेम ३ ते ४. अंगठीत बसवला तर टिकणार नाही. खेळात मोरखडा नेणाऱ्याला कापसाची पेटी लागते, घोडा चौखूर सोडता येत नाही, आणि पेटी पडली तर फासा टाकावा लागतो. बाजारात सर्वांत महाग खडा हाच, आणि लुटारूंना तो नको असतो.

‘सांजखडा’ दिवसा हिरवा आणि दिव्याखाली तांबडा दिसतो. हे खरंच होतं. अ‍ॅलेक्झांड्राइटमध्ये क्रोमियममुळे असा रंगबदल दिसतो, आणि त्याची कठिणता ८.५. तो ग्रॅनाइटच्या प्रदेशातच ठेवला. आमच्या खेळात त्याची खरेदी दिवसा एकदा आणि रात्री एकदा पाहिल्याशिवाय पुरी होत नाही, त्यामुळे खेळाडूंना परक्या गावात मुक्काम करावाच लागतो. ‘ओलमणी’ ओपलवरून. ओपलमध्ये पाणी असतं आणि फार कोरड्या हवेत तो तडकू शकतो. चैत्र-वैशाखात तो काळ्या पठारावरून न्यायचा म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळून, रात्रीचाच प्रवास.

एक गोष्ट सराफ बाजारातल्या एका जाणत्या सराफांनी दहापट भिंगाखाली दाखवली. वापरून धूसर झालेला, कडा झिजलेला खडा आणि त्याशेजारी नवा पुष्कराज. ते म्हणाले, “धूळ पुसता पुसताच खडा मरतो बघा.” हवेतल्या धुळीत क्वार्ट्झचे बारीक कण असतात, त्यांची कठिणता ७. त्याहून मऊ खडा रोज पुसला की रोज ओरखडतो. फ्रेडरिक मोह्‌सनं १८१२ मध्ये लावलेला हा क्रम आमच्या खेळाचा कणा झाला: ७ च्या खालचं प्रत्येक रत्न कणदेशाच्या वाळूवाऱ्यात पत गमावतं. वर्षभर हे सगळं वहीत साठत गेलं. हिराचंद नेमचंद वाचनालयात बसून जे वाचलं, त्याची टिपणंही त्याच वहीत.

दिवाळी २०२४ ला मंडळींनी धरलंच, की हे छापायचं. तोपर्यंत नकाशा अण्णांनी काढून दिला होता. अण्णा सोलापूरच्या पूर्व भागातले, आयुष्यभर जॅकार्डच्या (छिद्रं पाडलेल्या कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या मागाच्या) चादरींची डिझाइनं आलेख कागदावर उतरवत आलेले. त्यांनी नकाशाही तसाच काढला. एकेक घर रंगवत, नदीचं वळण “दोन घरं सरळ, एक घर खाली” असं मोजत. डोंगर म्हणजे चादरीच्या काठावर येते तसली नक्षी. त्या नकाशाला जी ओळख आहे ती पूर्ण त्यांची.

इथं पहिला कायद्याचा प्रश्न आला. जग माझं, पण नकाशा कुणाचा? कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात कलाकृतीचा कर्ता म्हणजे ती काढणारा कलाकार. अण्णा माझ्याकडे नोकरीला नव्हते, म्हणजे नकाशाचा हक्क मुळात त्यांचा. हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “माझं नाव कशाला ओ सर? जग तुमचं हाय, मी नुसती घरं भरली.” मी म्हटलं, “अण्णा, कायदा भरलेली घरंच बघतो.” कल्पना, नावं, खेळाचे नियम यांवर कॉपीराइट मिळत नाही. मिळतो तो लिहिलेल्या मजकुरावर आणि काढलेल्या चित्रावर. स्क्रॅबलच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाच्या २००८ च्या अंतरिम आदेशात कंपनीला दिलासा मिळाला तो ट्रेडमार्कच्या बाजूनं, कॉपीराइटचा दावा तिथं टिकला नाही. हे वाचल्यावर माझ्या डोक्यातला गुंता सुटला. बसलो आणि आमच्या जगाचे चार ढीग केले: रत्नांचा आणि भूगोलाचा मजकूर, नकाशा, नियम, नावं. पहिल्या दोन ढिगांची नोंदणी करायची. नियम नोंदवण्याच्या भानगडीत पडायचं नाही. नावासाठी ट्रेडमार्क लागतो, व्यक्तीला ऑनलाइन अर्जाला एका वर्गाचे ₹४,५०० आणि खेळांचा वर्ग २८. ते पुढं बघू म्हणून ठेवलं.

मला अगदी मनापासून सांगायचंय, अर्ज भरायला बसण्याआधी हे ढीग घरी करा. कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावरच्या प्रत्येक रकान्याचं उत्तर त्यातूनच निघतं.

नोंदणी सक्तीची नाही, हेही माहीत असू द्या. लिहिल्या क्षणी हक्क तयार होतो आणि कर्त्याच्या हयातीनंतर ६० वर्षं टिकतो. नोंदणीचा उतारा कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा म्हणून चालतो, एवढाच त्याचा उपयोग. आमच्या दृष्टीनं तेवढा पुरेसा होता, कारण पुस्तकाच्या छायाप्रती किती हातांत जातील ते सांगता येत नव्हतं.

जानेवारी २०२५ मध्ये, गड्ड्याची यात्रा भरात असताना, नकाशाच्या हक्काचा अण्णांशी करार केला. ओळखीच्या वकिलांकडून मसुदा नुसता तपासून घेतला. स्टॅम्प पेपर ₹५०० चा. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभरचा स्टॅम्प अशा कामाला चालत नाही, जुनं ऐकून जाऊ नका. कोर्टाजवळ नोटरी करून घेतली. करारात तीन गोष्टी स्पष्ट लिहायच्याच: कोणता हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश. कॉपीराइट कायद्याचं कलम १९ असं सांगतं, की मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. शिवाय मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो परत जातो, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. आम्ही लिहिलं, की पुस्तकात आणि खेळाच्या साहित्यात नकाशा छापण्याचा हक्क माझ्याकडे, आणि कापडावर विणण्याचा हक्क अण्णांकडेच राहील. हे वाक्य वकिलांनी वाचलं आणि म्हणाले, “हे बरं केलंत. सोलापुरात हा प्रश्न उद्या येणारच.”

फेब्रुवारीत संकेतस्थळावर खातं उघडलं. एका सल्लागारानं दोन अर्जांचे ₹१२,००० सांगितले होते. सरकारी शुल्क साहित्यकृतीला ₹५०० आणि कलाकृतीला ₹५००. मालाच्या संदर्भात वापरायची कलाकृती असेल, लेबलसारखी, तर ₹२,०००. फॉर्म १४, त्यासोबत तपशिलाचं विवरण आणि पुढील तपशिलाचं विवरण. सगळं इंग्रजीत. कृतीची भाषा विचारणारा रकाना आहे, तिथं मराठी लिहायचं. पुस्तक मराठी असल्यानं काहीही अडलं नाही.

काही गोष्टी आधी तयार ठेवल्या की दमछाक होत नाही. सही पांढऱ्या कागदावर करून स्कॅन केलेली. शीर्षकाचं रोमन लिपीतलं स्पेलिंग एकदाच ठरवून अर्ज, करार, ना-हरकत पत्र या सगळ्यांवर अक्षरशः तेच. मजकुराची पीडीएफ अशी, की फाँट आतच बसवलेला असेल. आमचा मजकूर छापखान्यातल्या जुन्या फाँटात जुळवलेला होता, दुसऱ्या संगणकावर तो नुसत्या चिन्हांचा ढिगारा दिसतो. पाठवण्याआधी पीडीएफ मोबाइलवर, मित्राच्या लॅपटॉपवर उघडून बघा. आणि अर्ज छपाईच्या आधी करा. तेव्हा कृती अप्रकाशित असते, प्रकाशनाचं वर्ष, प्रकाशक, देश हे रकाने सुटसुटीत राहतात.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो नकाशाच्या अर्जातल्या एका रकान्यानं. कॉपीराइटमधले वेगवेगळे हक्क कुणाकुणाकडे आणि किती, करारांच्या तपशिलासह लिहा, असं तो विचारतो. करारात वाक्यं नेमकी होती म्हणून तीच तिथं इंग्रजीत उतरवता आली. कर्ता म्हणून अण्णांचं नाव, अर्जदार मी, सोबत त्यांचं ना-हरकत पत्र. पैसे भरल्यावर डायरी नंबर येतो, साहित्यकृतीच्या नंबराला शेवटी एल आणि कलाकृतीच्या ए. पोचपावती लगेच छापून घेतली, दोन प्रती, एक अण्णांना. त्यांनी ती कपाटात चादरींच्या घडीखाली ठेवली, आणि पंधरा दिवसांनी घरच्या सगळ्यांना काढून दाखवली, असं त्यांच्या सुनेनं सांगितलं.

त्यानंतर तीस दिवस सक्तीचे थांबण्याचे. त्या काळात कुणाला हरकत घ्यायची असेल तर घेता येते. आपण काही करायचं नसतं, तरी मी रोज स्थिती बघत होतो. आपण दोन वर्षं रचलेला भूगोल कुणी आधीच रचला असेल तर? कुणी उठून म्हणेल का, की मोरखडा आमचा? आता कळतं, की ती भीती अनाठायी होती. नाव आणि कल्पना कुणाचीच मालमत्ता नव्हती, आणि मजकुराचं अक्षर न् अक्षर माझ्या वहीतलं होतं. पण त्या महिन्यात झोप हलकी झाली, हे खरं. वहीच्या पानांवर तारखा घालायची माझी सवय तेव्हा मोठा आधार वाटली. तुम्हीही घाला.

मधल्या काळात एप्रिलमध्ये आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांकासाठी अर्ज केला. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेच्या संकेतस्थळावर, लेखक-प्रकाशक म्हणून, स्वतःच्या नावानं. ओळखपत्र आणि शीर्षक-पानाचा नमुना लागतो. शुल्क काही नाही. कुणी नंबर ‘विकत’ देत असेल तर घेऊ नका, प्रकाशक म्हणून मग त्याचंच नाव लागतं. तेरा आकडी नंबर मिळाला तो फक्त छापील आवृत्तीचा. ई-पुस्तक काढलं तर वेगळा घ्यावा लागेल.

मे महिन्यात नकाशाच्या अर्जावर ई-मेल आली. ही नकाराची चिठ्ठी नसते, घाबरू नका. तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी विचारलं होतं, की नकाशा मालावर वापरला जाणार आहे का, आणि कापडाचा हक्क वेगळा ठेवण्याचा अर्थ काय. उत्तराला तीस दिवस असतात. एका पानात उत्तर दिलं: नोंदणी पुस्तकातल्या नकाशापुरती मागितली आहे, लेबल किंवा चिन्ह म्हणून वापर नाही, कराराचं अमुक कलम जोडलं आहे. भाषा साधी ठेवली. जून सरता सरता मजकुराचा उतारा आला, नकाशाचा सप्टेंबरात. नकाशाच्या उताऱ्यावर कर्ता म्हणून अण्णांचं नाव छापलेलं पाहिलं, तेव्हा वाट पाहण्याचा सगळा शीण उतरला.

छपाई सोलापुरातच केली. २०० प्रती, घडीच्या रंगीत नकाशासकट प्रत साधारण ₹१६० ला पडली. नकाशाची घडी हातानं घालावी लागते, मजुरीत ते आधी धरून घ्या. पुस्तक निघाल्यावर प्रकाशकानं, म्हणजे मीच, तीस दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चानं पाठवायची असते. १९५४ चा कायदा आहे. छोटे प्रकाशक बऱ्याचदा हे विसरतात. चार पाकिटं टपालानं रवाना केली, पावत्या फाइलला लावल्या. पुस्तक आता प्रकाशित झालं म्हणून नोंदवहीतले तपशील बदलून घ्यायचे तर फॉर्म १५ असतो, तो भरायला घेतलाय.

कापडाचं अण्णांच्या मनात पक्कं आहे. नकाशाचा भिंतीवर लावायचा विणलेला पट. इथं कॉपीराइट कायद्याचं कलम १५ आडवं येतं: डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्याजोगं डिझाइन नोंदवलं नाही आणि औद्योगिक पद्धतीनं त्याच्या पन्नासहून जास्त प्रती निघाल्या, की त्यावरचा कॉपीराइट संपतो. आणि डिझाइन नोंदवायचं तर ते आधी प्रसिद्ध झालेलं चालत नाही, नकाशा तर पुस्तकात छापून गेला. काय कलाकृती आणि काय डिझाइन, यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल एप्रिल २०२५ मध्ये आला आहे, तो प्रत्येक प्रकरण वेगळं तपासायला सांगतो. म्हणून अण्णांनी ठरवलंय, की पुस्तकातला नकाशा जसाच्या तसा विणायचा नाही. कणदेशाच्या पाण्याचा नवा पट काढायचा, कुणाला दाखवण्याआधी डिझाइनचा अर्ज करायचा, आणि मगच कार्ड पंच करायला द्यायची. आलेख कागदाचे चार ताव त्यांनी परवाच आणलेत.